हात्सुए आजी कुठे झोपते

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमच्या कुरितानी गावच्या सभागृहात दलप्रमुख तेराओका गेन्झोने आम्हा सगळ्यांना खोटं बोलायला सांगितलं. अर्थात, हा शब्द त्याने वापरला नाही. तो म्हणाला, "ती बाई घरोघरी येणार आहे. नाही म्हणू नका. चहा द्या, मुळ्याचं लोणचं द्या. आणि काहीतरी सांगा."

"काहीतरी म्हणजे काय?" मुरोया हात्सुए आजीने विचारलं. वय एकोणऐंशी, कान शाबूत, घरात एकटी.

"खरं सोडून काहीही, काकू."

सगळे हसले. गेन्झो हसला नाही.

गेन्झो त्रेसष्ट वर्षांचा. त्याचा धंदा छपरांवर कौलं बसवण्याचा. कुरितानीतल्या निम्म्या छपरांवरची काळी, चकचकीत, जड कौलं त्याने किंवा त्याच्या वडिलांनी बसवलेली. शिवाय गावच्या अग्निशमन दलाचा तो प्रमुख. दल म्हणजे आम्ही अकरा जण. कुणी अळंबी पिकवतो, कुणी बस चालवतो, माझं किराणा दुकान आहे. आग लागली किंवा एखादं म्हातारं माणूस रानात वाट चुकलं, की आम्ही गणवेश चढवून निघतो. पगारी अग्निशमन केंद्र दरीच्या तोंडाशी आहे, घाटरस्त्याने पन्नास मिनिटांवर.

ती बाई म्हणजे इवाकिरी सानाए. वय छत्तीस. ऑक्टोबरात नगरपालिकेच्या तीन वर्षांच्या करारावर आली आणि वारलेल्या शाळामास्तरांच्या रिकाम्या घरात राहू लागली. नेमणूक आपत्तीच्या तयारीसाठी. प्रत्येक घराचा आराखडा काढायचा, आणि घरातलं प्रत्येक माणूस कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीकडे डोकं करून झोपतं तिथे लाल ठिपका द्यायचा. घर पडलं तर कुठे खणायचं ते दलाला आधीच ठाऊक असावं, म्हणून.

पूर्वी हे असंच ठाऊक असायचं. सणावाराला घरोघरी जाणं असे, कुणाचं अंथरूण कुठे पडतं ते दिसे. पण आपल्या माणसाला ठाऊक असणं वेगळं, आणि परक्या बाईने कागदावर उतरवून घेणं वेगळं.

आणि संशयाला कारण होतं. सप्टेंबरात पांढऱ्या गाडीतून दोन तरुण आले होते. वागायला अगदी अदबशीर. "छप्पर फुकट तपासून देतो," म्हणाले. शिडी लावून वर गेले आणि खाली येऊन मोबाईलवर फुटक्या कौलांचे फोटो दाखवले. घाबरून तीन घरांनी त्यांच्या दुरुस्तीच्या कागदावर सहीचे शिक्के मारले. नंतर गेन्झो वर चढला. कौलं बर्फाने किंवा वाऱ्याने फुटलेली नव्हती. हातोडीच्या टोकाने, एकाच बाजूने, ताजी फोडलेली होती. हात्सुए आजीच्या छपरावर अशी पाच सापडली. ती त्याने सव्वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवली होती. पाचही कौलं खाली आणून त्याने तिच्या दारात रांगेने मांडली.

"काकू, यापुढं दाराला कडी लावत जा."

कुरितानीत तोवर कुणी कडी लावत नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात सानाए आली. त्सुबोई, जो आमच्या दलात आहे आणि दिवसातून तीनदा खालच्या गावापर्यंत बस नेतो, तो म्हणाला, "आधी छप्पर बघून गेले, आता अंथरूण बघायला आलीय. तिसरा येईल तो थेट उशीखाली हात घालील."

सानाए प्रत्येक घरी गेली. तिने चहा घेतला, लोणच्याची तारीफ केली, पट्टीने खोल्या मोजल्या. कुणीही तिला परत पाठवलं नाही. आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी तिला सांगितलं की आम्ही नवरा-बायको पाहुण्यांच्या खोलीत झोपतो. त्या खोलीत तेव्हा नुडल्सची खोकी रचलेली होती. तिने खोक्यांकडे पाहिलं, मान झुकवून आभार मानले आणि लाल ठिपका दिला.

एकानेच खरं सांगितलं. ते म्हणजे आकाबाने आडनावाचे, एक्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. आम्ही त्यांना त्यावरून छेडलं तेव्हा ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांच्या पत्त्यावर गेलो. आता माझाच पत्ता चुकीचा सांगू?"

डिसेंबरात नकाशा तयार झाला. वस्तीची सत्तावीस घरं, त्रेचाळीस ठिपके, वर प्लास्टिकचं आवरण. नगरपालिकेच्या पत्रात तो दलाच्या खोलीत लावावा असं होतं, म्हणून गेन्झोने तो पंपाच्या गाडीमागच्या भिंतीवर लावला. लावताना त्याने चारही कोपरे नीट सरळ केले. त्याच्याकडे पाहून कुणालाही वाटलं असतं की हा त्या नकाशावर विसंबणार आहे.

दोन वर्षांपासून जमीन अधूनमधून हलत होती. भांडी वाजायची आणि थांबायची. विद्यापीठातले लोक येऊन शाळेच्या आवारात यंत्रं पुरून गेले. त्यांनी सभा घेतली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. डोंगराखाली जमिनीत एक भेग आहे, खालून पाणी वर चढतंय, त्याने भेगेच्या दोन्ही बाजू निसरड्या होतायत. मोठा धक्का बसेल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, नाकारता येत नाही. नगरपालिकेचं पत्रही दर वर्षी यायचं, की घर किती मजबूत आहे ते मोफत तपासून देऊ. सात वर्षांत एकानेही अर्ज केला नाही. आधी आळसाने केला नाही. सप्टेंबरनंतर 'मोफत' आणि 'तपासणी' हे दोन शब्द एकत्र दिसले की लोक ते पत्र चुलीत घालू लागले.

सहा फेब्रुवारीला सकाळी सहा वाजून अठरा मिनिटांनी सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले. त्या इशाऱ्यानंतर आसपासच्या जिल्ह्यांतल्या वेगवान गाड्या आपोआप थांबल्या, कारखान्यांतला गॅस बंद झाला, असं नंतर कळलं. आमच्या इथे इशारा आणि धक्का यांत अंथरुणात उठून बसण्याइतकाही वेळ मिळाला नाही. धक्का चाळीस सेकंद चालला.

उजाडू लागलं तेव्हा दिसलं की गाव बसकं झालंय. आमच्याकडची घरं म्हणजे वर जड छप्पर आणि खाली भिंतींऐवजी सरकती दारं. खालचा मजला गुडघे मोडल्यासारखा खाली बसला होता आणि छप्पर जवळजवळ अखंड, जमिनीवर ठेवल्यासारखं. दरीचा रस्ता दोन ठिकाणी दरडीखाली गेला होता. फोन लागत नव्हते. बर्फ घोट्यापर्यंत होतं.

सहा पंचावन्नला दलाच्या खोलीसमोर गेन्झोने हजेरी घेतली. त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस सापडले. काही जखमी होते, दोघांची हाडं मोडली होती. नव्हते फक्त दोघं. हात्सुए आजी आणि आकाबाने. दोघांचीही घरं पडलेली. आमच्याकडे जॅक दोन आणि लाकूड कापायची मोटरकरवत एक. जॅक वेगळे केले तर एवढं छप्पर कुठेच उचललं गेलं नसतं. हात्सुए आजीचं घर शंभर पावलांवर, आकाबानेंचं वर डोंगराच्या अंगाला. गेन्झोने दोघांना पहारी देऊन वर पाठवलं आणि आम्ही नऊ जण सगळं सामान घेऊन आजीकडे आलो.

"नकाशा काय म्हणतो?" त्सुबोईने विचारलं.

"वरची पूर्वेची खोली," मी सांगितलं.

वरच्या मजल्याची खिडकी आता कमरेच्या उंचीवर होती. गेन्झो तिच्यातून आत गेला आणि लगेच परत आला. "रिकामी. हे होणारच होतं. तिनं पण मी सांगितल्यासारखंच केलं." एवढं म्हणून त्याने हातमोजे वर ओढले. "देवघराच्या खोलीत असेल. नवऱ्याच्या तसबिरीपाशी झोपते, चाळीस वर्षं झाली. खणा इथं."

आम्ही खणलं. कौलं हातोहात काढून रांगेने मागे दिली. रांगेत बायकाही होत्या. गेन्झोची बायको फुमिको माझ्या पुढे होती. दर दहा मिनिटांनी गेन्झो हात वर करायचा, सगळे गप्प व्हायचे आणि तो ओरडायचा, "काकू!" उत्तर नाही. आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही खोलीत पोचलो. तसबीर होती, उदबत्तीची राख होती. अंथरूण कपाटात घडी घालून ठेवलेलं होतं आणि गार होतं.

"गेली कुठं ही म्हातारी?" त्सुबोई म्हणाला. "शहरात मुलीकडं तर नसेल गेली?"

"काल संध्याकाळी माझ्याकडून रॉकेल नेलं," मी म्हणालो. "गेली असती तर चार घरांना सांगून गेली असती."

तेवढ्यात सानाए आली. तोवर ती जखमींपाशी होती. बाहीवर रक्त होतं, दुसऱ्याचं. काखेत कागदांची गुंडाळी.

"उत्तरेच्या बाजूला खणा," ती म्हणाली. "स्वयंपाकघरामागची कोठी. मिसोची पिंपं आहेत तिथं."

गेन्झो खाली उतरला. "कोठीत कोण झोपतं?"

"आजी झोपतात."

"तुला तिनं सांगितलं?"

"नाही. मला त्यांनी वरची खोली दाखवली."

"मग?"

"जिन्यावर धूळ होती. वर गेलेली पावलं फक्त आमची होती, त्यांची आणि माझी. खाली आलो तेव्हा कोठीचं दार अर्धवट उघडं होतं. दाराला आतून नवी कडी होती. कोठीला आतून कडी कोण लावतं? आत थर्मास होता, रेडिओ होता. चष्म्याची डबी उघडी होती."

"तू आत गेलीस कशाला?"

"गेले नाही. चहाचं पाणी उकळेपर्यंत समोर उभी होते."

गेन्झो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं, कारण ते माझ्याही मनात होतं. ही बाई चहा पिता पिता आमच्या घरांत काय काय बघत होती?

"हे सगळं नकाशावर का नाही?"

"आहे. माझ्या प्रतीवर. पेन्सिलीनं." तिने गुंडाळी थोडी उलगडली. प्रत्येक लाल ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात ओळी होत्या. "तुमच्या प्रतीवर लोकांनी सांगितलं तेच दिलं. आलेल्या माणसाला तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी तुम्हाला खोटं कसं म्हणणार?"

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं."

"आकाबाने सोडून सगळ्यांचं खोटं."

"कुठं शिकलीस गं हे?" त्सुबोईने विचारलं.

"विमा कंपनीत. आठ वर्षं. जळालेली घरं बघायला जायचे. माणूस काय सांगतो ते लिहून घ्यायचं आणि घर काय सांगतं ते बघायचं."

रांगेतल्या दोघी-तिघी एक पाऊल मागे सरल्या. विमा कंपनीची बाई, तीही खोटं पकडणारी. आमच्या दरीत तिचं काय काम होतं, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता आणि तो विचारायला ती जागा नव्हती.

अडचण साधी होती. दोन्ही जॅक देवघराच्या तुळईखाली होते. उत्तरेला न्यायचे तर ही बाजू सोडून द्यावी लागणार. जॅक काढले की इथलं सगळं पुन्हा खाली बसणार. आजी इथेच कुठे पुढच्या खोलीत असेल तर तिच्या अंगावर. आणि बाई सांगतेय ते खरं नसेल, तर तिसरी जागा खणायला वेळ उरणार नव्हता. थंडी होती आणि जमीन दर पंधरा मिनिटांनी हलत होती. तिकडे वर आकाबाने होते, त्यांच्यापाशी दोन माणसं आणि दोन पहारी.

"प्रमुख, ठरवा," त्सुबोई म्हणाला.

गेन्झोने सानाएला विचारलं, "माझं काय लिहिलंयस?"

"इथं?"

"इथं. वाच."

"सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच. इथं कुणाचा कुणावर भरवसा नाही. वाच."

तिने कागद शोधला. आवाज न चढवता वाचलं. "तेराओका. सांगितलं, वरची खोली, पत्नीशेजारी. वरच्या खोलीत एकच उशी. दुसरी कौलांच्या शेडमध्ये, शेगडीजवळ. भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग. निदान चार वर्षं."

करवतीचं इंजिन फटफटत होतं, ते कुणीतरी बंद केलं. गेन्झोच्या घरात काय चाललंय याचा गावात कुणालाच पत्ता नव्हता, किंवा पत्ता नाही असं सगळे वागत होते. त्याने मान वर केली नाही.

"सहा," फुमिको म्हणाली. तिच्या हातात कौल होतं. "चार नाही. सहा वर्षं झाली." आणि तिने ते कौल माझ्या हातात दिलं.

"जॅक काढा," गेन्झो म्हणाला. "उत्तरेला."

जॅक काढले तेव्हा देवघराची खोली मोठा आवाज करून खाली बसली. कुणी ओरडलं का, ते आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. कुणी ओरडलं नाही. ते चांगलं की वाईट, तेव्हा सांगता येत नव्हतं. उत्तरेला छपराची कड उचलायला चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात गेन्झोने सानाएला लांब जाऊ दिलं नाही. "तू इथंच थांब," असं दोनदा म्हणाला. ती थांबली. त्सुबोई माझ्या कानात म्हणाला, "चुकली तर पळून जाऊ नये म्हणून थांबवलंय."

नऊ वाजून दहा मिनिटांनी लाकडावर काहीतरी ठोकल्याचा आवाज आला. बारीक, पण सारखा.

"काकू!"

"ओरडू नको. ऐकू येतंय मला."

आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोची दोन पिंपं देवदाराची, माणसाच्या छातीइतकी उंच, भरलेली. तुळई त्यांच्यावर पडून अडकली होती आणि खाली अंथरुणाएवढी जागा उरली होती. आजी कुशीवर होती. डावा पाय अडकला होता. तोंडावर मिसो सांडलेला, हातात लाकडी चमचा. गेन्झो पोटावर सरपटत आत गेला. तो जवळ पोचल्यावर आधी तीच बोलली.

"कडी कुणी काढली?"

"कडी नाही, काकू, घरच काढलं."

"तू आहेस होय. मग असू दे."

नऊ पंचवीसला तिला एका निखळलेल्या दारावर झोपवून बाहेर आणलं. उजेडात तिने डोळे किलकिले केले, एकेक चेहरा पाहिला आणि सानाएवर येऊन थांबली. "हिला कुणी सांगितलं मी कोठीत झोपते ते?"

त्सुबोई गेन्झोकडे बघू लागला. आजीने पुन्हा विचारलं.

"सांगा ना. मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या पोरांनी कौलं फोडली तेव्हापासून निजतेय तिथं. गेन्झोलासुद्धा बोलले नाही. त्याच्या बायकोला सांगितलं असतं त्यानं."

फुमिको म्हणाली, "त्याची काळजी नको, आजी. मला तो काही सांगत नाही." आणि तिच्यावर आपला कोट घातला.

आम्ही सामान घेऊन धावत वर गेलो. आकाबाने स्वतः सांगितलेल्या जागीच होते. लाल ठिपका आणि पेन्सिलीची खूण दोन्ही एकाच जागी, शेजारी एक शब्द, 'बरोबर'. पहारीवाल्या दोघांनी त्यांच्या खांद्यापर्यंत जागा मोकळी केली होती. वरची तुळई त्यांना हलेना. जॅक लावल्यावर ती पाच मिनिटांत उचलली गेली. आकाबाने गेलेले होते.

दुपारी हेलिकॉप्टरमधून डॉक्टर उतरला. त्याने तपासून सांगितलं, मृत्यू धक्क्याबरोबरच झालेला असावा. गेन्झोने त्याला पुन्हा विचारलं. डॉक्टरने तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी लष्कराची तुकडी डोंगरातून चालत आली, तिच्यासोबत दुसरा डॉक्टर होता. गेन्झोने त्यालाही विचारलं. उत्तर तेच. "डॉक्टर नातेवाइकांना असंच सांगतात," गेन्झो मला म्हणाला. आकाबानेंना नातेवाईक नव्हते, हे मी त्याला सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक होतं.

पुढचं सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं घडलं. तिसऱ्या दिवशी रस्ता एका गाडीपुरता मोकळा झाला. खालच्या शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याचे पलंग आले, पुठ्ठ्याच्या भिंती आल्या, फिरती शौचालयं आली, लष्कराने तंबूत गरम पाण्याच्या आंघोळीची सोय केली. शिरस्त्राणं घातलेले अभियंते घरोघरी फिरून लाल, पिवळे, हिरवे कागद चिकटवून गेले. आमच्या सत्तावीस घरांपैकी एकोणीस लाल, म्हणजे आत जायला मनाई. गेन्झो एका अभियंत्यामागे दिवसभर फिरला. शेवटी त्याने विचारलं, "कौलांचं वजन?"

"वजन होतंच," अभियंता म्हणाला. "पण मुख्य म्हणजे खाली भिंती नव्हत्या. तुमचं काम उत्तम आहे. एक कौल सुटलं नाही."

गेन्झोने मान झुकवून आभार मानले. अभियंता लांब गेल्यावर तो मला म्हणाला, "त्यानं मला काहीतरी सांगितलं."

व्यायामशाळेत पुठ्ठ्याच्या भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं. चौथ्या दिवसापासून लोक एकेकटे सानाएच्या कोपऱ्याशी जाऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच. माझं काय लिहिलंयस? ती ज्याचं त्यालाच दाखवायची, हाताने बाकीचं झाकून. कुणी हसत परत आलं. एक नवरा-बायको परत आले ते आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. मीही गेलो. 'दुकानामागे, तांदळाच्या पोत्यांशेजारी. पाहुण्यांच्या खोलीत नुडल्स.' तिने विचारलं, "बरोबर?" मी हो म्हणालो आणि उगाच राग आला.

"खोडून टाक की आता," त्सुबोई तिला म्हणाला. "घरंच राहिली नाहीत."

"खोडते," ती म्हणाली. पण तिने खोडलेलं कुणी पाहिलं नाही, आणि ती गुंडाळी तिच्या उशाशी असते हे सगळ्यांनी पाहिलं.

दहाव्या दिवशी वर्तमानपत्रात आमच्यावर मोठी बातमी आली. कुरितानीत प्रत्येकाला ठाऊक होतं शेजारी कुठे झोपतो, म्हणून त्रेचाळीसपैकी बेचाळीस वाचले. सोबत दलाच्या खोलीतल्या नकाशाचं छायाचित्र, चारही कोपरे सरळ. जिल्ह्याकडून गेन्झोला सन्मान समारंभाचं आमंत्रण आलं. त्याने मला उत्तर लिहायला बसवलं. "लिही, येता येणार नाही."

"कारण?"

"काहीतरी लिही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पेन माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः लिहिलं. 'नकाशावरचे बेचाळीस ठिपके चुकीचे होते आणि चुकीचं सांगा असं लोकांना मीच म्हणालो होतो.' खाली नाव, शिक्का. उत्तराला उत्तर आलं नाही. सन्मान शेजारच्या दरीतल्या दलाला दिला गेला.

मे महिन्यात खालच्या मैदानावर तात्पुरती घरं तयार झाली. पत्र्याची, एका रांगेत, एकट्या माणसाला एक खोली, अंथरूण ठेवायचं एक खोल कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा. नवा नकाशा करायचा ठरला. गेन्झो सानाएबरोबर निघाला. फाइल धरायला मी.

हात्सुए आजीचा पाय बरा होत होता. तिने चहा केला, लोणचं काढलं. दाराला आतून कडी होती, कारखान्यातून आलेली, आणि तिच्या वर दुसरी, बाजारातून आणलेली.

"काकू, झोपता कुठं?" गेन्झोने विचारलं.

"आता काय विचारायचं राहिलंय? एकच खोली आहे." तिने खिडकीखालची जागा दाखवली. "इथं. डोकं या बाजूला."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझा जीव वाचवलात, तुमच्याशी खोटं बोलेन?"

सानाएने लाल ठिपका दिला. मग खाली बघून चहा पिऊ लागली. गेन्झोने खिडकीखालच्या चटईवर हात फिरवला. मग त्याने खोलीभर पाहिलं, सावकाश, एखादं छप्पर बघतो तसं. रेडिओची तार भिंतीतल्या प्लगपासून निघून चटईच्या कडेने गेली होती आणि कपाटाच्या सरकत्या दाराखालून आत शिरली होती. दार बोटभर उघडं होतं. आत, खालच्या फळीवर, चष्म्याची डबी होती.

आजीने त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं. तिने लोणच्याची बशी त्याच्यापुढे सरकवली. "घे ना. मुळा यंदाचा आहे."

गेन्झोने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, छान झालंय म्हणाला. बाहेर पडून सपाता पायात सरकवताना त्याने सानाएकडे हात पुढे केला.

"पेन्सिल दे."